तिसऱ्या ढिगातली ऊब

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. बायकोला नाही, आईला तर नाहीच. तिच्या शेवटच्या दिवसांत उशाशी बसलो होतो, तेव्हा एकदा मनात आलं, सांगून टाकावं. ही आता कुणाला सांगायला जाणार आहे? तरी तोंड उघडलं नाही. तुम्ही मला ओळखत नाही, म्हणून तुम्हाला सांगणं सोपं जाईल असं वाटलं होतं. जात नाहीये. बघा ना, अजून उंबऱ्यातच घुटमळतो आहे.

माझं गाव कोकणात, राजापूरच्या बाजूला. शाळा सहावीत सुटली — म्हणून लिहिण्यात काही वेडंवाकडं आलं तर समजून घ्या. स्वातंत्र्याला सहा-सात वर्षं झाली असतील तेव्हा मी जळगावला आलो. गावातल्या एकाचा मेहुणा तिथे कापसाच्या जिनिंग कारखान्यात फिटर होता, त्याच्या नावाची चिठ्ठी खिशात होती. दोन दिवसांचा प्रवास करून पोचलो, तर मेहुणा महिन्यापूर्वीच नोकरी सोडून गेलेला. पत्र्याची ट्रंक घेऊन मी फाटकाशी उभा. परत जायचं म्हटलं तरी कुठल्या तोंडानं जायचं?

फाटकावर नामदेव नाना होते. पहारेकरी. दोंडाईच्याकडचे, पन्नाशी उलटलेले, डोक्याला उपरणं गुंडाळलेले. त्यांनी मला चिठ्ठीबद्दल काही विचारलं नाही. जेवलो का, एवढंच विचारलं. मग आपल्या फडक्यातली कळण्याची भाकरी अर्धी मोडून पुढे केली. ती ज्वारी-उडदाची खरबरीत भाकरी आणि हिरव्या मिरचीचा ठेचा! मी भात खाणारा माणूस, डोळ्यांतून पाणी आलं. नानांना वाटलं मिरचीनं आलं. निम्मं मिरचीचंच होतं.

मॅनेजरसाहेबांकडे शब्द त्यांनीच टाकला. राहायला आपल्या खोलीतला कोपरा त्यांनीच दिला. माझ्या आयुष्यात जे काही बरं झालं ते त्या फाटकापासून सुरू झालं — हे आधी सांगून ठेवतो, म्हणजे पुढचं वाचताना तुम्ही मला नीट ओळखाल.

मला काम मिळालं सरकीच्या शेडमध्ये. कापसातून रुई काढली की उरतं ते बी, ती सरकी. शेडमध्ये तिचे पाच ढीग असायचे, माणसापेक्षा उंच. सरकी दमट असली की आतल्या आत तापते. वरून बघाल तर पांढरीशुभ्र, गार. आणि पोटात निखाऱ्याची तयारी. म्हणून रोज पहाटे प्रत्येक ढिगात तीन ठिकाणी खांद्यापर्यंत हात घालून बघायचं. ऊब लागली तर बायका बोलावून ढीग उघडायचा, वारा द्यायचा. गार असला तर भिंतीवरच्या पाटीवर त्या ढिगापुढे खडूची रेघ ओढायची. हे काम मला नानांनी शिकवलं. हात आधी हौदातल्या पाण्यात बुडवायचा, कोरडा पुसायचा, मग घालायचा. तापलेल्या हाताला ऊब कळत नाही, म्हणून ढीग बघायच्या आधी कसलंही कष्टाचं काम करायचं नाही. हे त्यांनी मला दहादा बजावलं असेल.

आता धावण्याचं सांगतो. धावायचो मी घरच्या आठवणीनं. हसू नका. दिवसभर काम, संध्याकाळी पाय सुजलेले, आणि पडलं की समोर आमची पाणंद, विहीर, आई. एका पहाटे उठलो आणि असोद्याच्या रस्त्यानं नुसता पळत सुटलो. मैलाचा दगड आला, दुसरा आला — आणि लक्षात आलं, इतका वेळ घर आठवलंच नाही. मग रोजच पळू लागलो. थंडीत केळीच्या बागांवरून असा ओला, हिरवा वास यायचा की छाती भरून घ्यावी. कापसाच्या गाड्या कारखान्याकडे निघालेल्या असायच्या, गाडीवान झोपेत, बैलांना वाट पाठ. शेतावर निघालेल्या असोद्याच्या बायका मला बघून थांबायच्या. त्यातली एक रोज विचारायची, “कोन लागलं रे तुह्या मांगे? भूत का बायको?” बाकीच्या पदर तोंडाला लावून हसायच्या. एखाद्या दिवशी घडातून सुटलेली दोन केळी हातावर ठेवायच्या. आजही केळं सोललं की मला ती वाट दिसते.

एस.टी. स्टँडवर एक कागद चिकटवलेला वाचला — धुळ्याला सव्वीस मैलांची शर्यत. मॅरेथॉन. हा शब्द तेव्हा मला धड उच्चारताही येत नव्हता. नानांना सांगितलं, तर ते माझ्याहून जास्त हरखले. मला कुणी धावायचं कसं ते शिकवलेलं नव्हतं. नानांना तरी काय कळत होतं? पण ते पहाटे साडेचारला फाटक उघडून द्यायचे, आलो की लिंबू-मीठ घातलेलं पाणी द्यायचे आणि पायांना तेल लावायला सांगायचे. कारखान्यातल्या सगळ्यांना सांगत सुटायचे, आमचा कोकण्या मोटारीला मागे टाकतो.

पण दिवसाला तास किती असतात? सातला भोंगा. सात ते सहा काम. धावायला मिळे ती पहाटच, आणि ढीग बघायचे तेही पहाटेच. सुरुवातीला मी ढीग बघून मग निघायचो. पाच ढीग, पंधरा ठिकाणी हात — पाऊण तास जायचा. अंतर वाढवायचं होतं. मग आधी धावून येऊन ढीग बघू लागलो. अंग पेटलेलं, हात तापलेले. त्या हाताला काय कळणार? सगळे ढीग गारच लागायचे. हे मला ठाऊक होतं. नंतर नंतर वाटू लागलं, नाहीतरी काही कळत नाही, तर हात घालायचाच कशाला? निघताना अंधारात पाटीवर पाच रेघा ओढायच्या आणि पळायचं. पंधरा-वीस दिवस असं चाललं. काही झालं नाही. काही होत नाही म्हटल्यावर भीतीसुद्धा गेली — मी, जो सुतळी तुटली तरी नोकरी जाईल म्हणून घाबरायचा!

नानांना यातलं काही माहीत नव्हतं. त्यांना पाटीवरच्या रेघा दिसायच्या.

त्या वर्षी पौषात अवकाळी पाऊस झाला. कापूस भिजका येऊ लागला. मॅनेजरसाहेबांनी मला बोलावून सांगितलं होतं, यंदा ढीग नीट बघ. हो म्हणालो होतो.

शर्यत तीन आठवड्यांवर होती. त्या सकाळी मी अठरा मैल धावून आलो होतो, इतका खुशीत की कामावर शीळ घालत होतो. दहाच्या सुमारास तिसऱ्या ढिगातून वास आला. करपलेल्या तेलासारखा. फावडं घेऊन मी पहिला धावलो. वरचा थर ओढला — पांढरा. त्याखाली पिवळा. त्याखाली काळा, आणि वारा लागताच त्या काळ्यानं लाल डोळा उघडला. पुढचं सगळं झटकन झालं. बादल्या, आरडाओरडा, बायकांना बाहेर काढणं. माणूस कुणी गेलं नाही, देवाची कृपा. पण अर्धी शेड बसली, आणि पाण्यानं सगळ्या ढिगांचा एकच काळा चिखल झाला. आग आतून निघाली होती हे मी पाहिलं होतं. आणखी कुणी पाहिलं नव्हतं.

दुपारी साहेबांनी सगळ्यांना अंगणात उभं केलं. मला विचारलं, “आज सकाळी तिसऱ्या ढिगात हात घातला होतास?”

किती वेळ गेला असेल? एक श्वास? त्या एका श्वासात मी आईला मनीऑर्डर न मिळालेली पाहिली, ट्रंक घेऊन परत निघालेला मी पाहिला, आणि — का लपवू? — धुळ्याचा रस्ताही पाहिला.

“हो साहेब,” मी म्हणालो. “गार होता.”

ढीग गार होता, तर मग आग बाहेरून लागली. बाहेरून म्हणजे कशानं? थंडीच्या दिवसांत नाना शेडच्या मागच्या भिंतीला टेकून बिडी ओढायचे. मनाई होती, पण सगळ्यांना माहीत होतं. तिथला पत्रा खाली फाटलेला होता. साहेबांनी तिकडे जाऊन पाहिलं. विझलेलं थोटूक सापडलं.

आता मला वाटलं, नाना म्हणतील की मी बिडी पायाखाली विझवली होती. म्हणतील की हा पोरगा पहाटे माझ्याच हातानं फाटक उघडून घेऊन गेला आणि भोंग्याच्या तोंडावर परत आला, याला विचारा यानं ढीग कधी बघितले. म्हणायला हवं होतं त्यांनी. मी वाट बघत होतो. म्हणाले असते तर मी कबूलही झालो असतो — असं मी पुढे स्वतःला पुष्कळदा सांगितलं.

नाना माझ्याकडे बघत होते. रागानं नाही. हिशेब न जुळणाऱ्या माणसासारखे, आठवून आठवून. मग म्हणाले, “तो सांगस ते खरं शे साहेब. त्याले मीच शिकाडेल शे. मनी बिडी व्हई.”

तुम्हाला कळलं का काय झालं ते? मला वाचवायला ते खोटं बोलले नाहीत. तसं असतं तर मी कसाबसा जगलो असतो. त्यांचा माझ्यावर विश्वास होता. माझा शब्द आणि त्यांची स्वतःची आठवण, यांत त्यांनी माझा शब्द खरा धरला. बिडी विझवल्याचं त्यांना आठवत होतं, आणि तरी त्यांनी मान्य केलं की आपल्याच हातून शेड जळली.

दुसऱ्या दिवशी ते दोंडाईच्याला गेले. वळकटी मी स्टेशनापर्यंत उचलून नेली. खोली आता माझी एकट्याची झाली. पहाटे मला फाटक नवा पहारेकरी उघडून देऊ लागला.

आणि मी धावत राहिलो. हेही लिहायला हवं. थांबलो नाही.

धुळ्याला शर्यत झाली ती आग्रा रोडवर. तेरा मैल जायचं, वळायचं, तेरा मैल यायचं. फाल्गुनाचं ऊन. वळायच्या जागी लोक उभे होते, आणि त्यांत डोक्याला उपरणं, हातात लोटा — नाना. दोंडाईच्याहून एस.टी.नं आले होते, मग कुणाच्या बैलगाडीत बसून त्या वळणापर्यंत. माझ्याबरोबर पन्नास पावलं धावले, त्या वयात, आणि लोटा तोंडाशी धरला. लिंबू-मीठ. मी प्यालो. धाप लागून बोलता येत नव्हतं, ते बरंच झालं.

सातवा आलो. बक्षीस नव्हतं. पण नाना असे मिरवत होते की बघणाऱ्याला वाटावं यांचाच मुलगा पहिला आला. नंतर आम्ही निंबाच्या सावलीत बसलो. त्यांनी फडक्यातून भाकरी काढली. घरचं सांगू लागले. आता भावाच्या शेतावर गाडी हाकतात. पहाऱ्याचं काम कुणी देत नाही, आगीची गोष्ट त्यांच्याआधी गावात पोचली होती. बिडी सोडली. रोज जेवणं झाली की चुलीत हात घालून राख बघतात, विझली का. पुन्हा उठतात, पुन्हा बघतात. सून चेष्टा करते — मामंजींना चुलीची दृष्ट लागली आहे. हे सांगताना ते स्वतःही हसले.

मी भाकरी चावत होतो. आत्ता, मी म्हटलं मनात. आता ना नोकरीचा प्रश्न आहे, ना साहेब समोर आहेत. एक वाक्य. नाना, मी हात घातला नव्हता. पाच शब्द. सव्वीस मैल धावून आलेल्या माणसाला पाच शब्द जड?

तेवढ्यात त्यांनीच माझ्या गुडघ्यावर हात ठेवला. म्हणाले, एक सांगायचं होतं, त्यासाठीच एवढ्या लांब आलो. मग खाली बघत, अडखळत, “तुनी मेहनतना ढीग मनामुळे जळना भो. तुले बोलनं खानं पडनं व्हई. माफ कर माले.”

समोर रस्त्यावरून शर्यतीतले शेवटचे दोघे चालत येत होते. लोक त्यांच्यासाठी टाळ्या वाजवत होते.

“असू द्या नाना,” मी म्हणालो. “होतं असं कधीकधी.”

त्यांनी उपरण्यानं डोळे पुसले. हलकं वाटलं, म्हणाले. महिनाभर जेवण गोड लागलं नव्हतं, आज लागेल. मग माझ्या डोक्यावरून हात फिरवला. स्टँडवर मी त्यांना दोंडाईच्याच्या गाडीत बसवून दिलं. खिडकीतून ते दिसेनासे होईपर्यंत हात हलवत होते.

त्यानंतर भेट झाली नाही. दोन वर्षांनी सुनेनं कुणाकडून तरी लिहवून घेतलेलं कार्ड आलं, नाना गेले म्हणून.

तुम्हाला वाटेल, मी त्या दुपारी खोटं बोललो, एवढंच सांगायचं असेल. तेही आहेच. पण मला जे सांगायचं होतं ते निंबाखालचं. ज्यानं काहीच केलं नव्हतं त्या माणसानं माझी माफी मागितली, आणि मी त्याला माफ केलं.