पत्रांच्या गठ्ठ्यात जागा करून देणाऱ्या एस्तेरबाई

पानशेतच्या पुराला वर्ष होत आले होते. कारखान्यातली सकाळची शिफ्ट संपवून मी चिंचवडच्या आमच्या ख्रिस्ती मंडळीच्या देवळात गेलो, तेव्हा व्हरांड्यात दोन बाजा टाकलेल्या होत्या आणि त्यांवर पिवळे, आखडलेले कागद वाळत घातले होते. प्रत्येक कागदावर नदीतला एकेक गोटा. एक कागद वाऱ्याने हलला म्हणून मी हात पुढे केला.

“थांबा! कुठल्या खात्यातून आलात?”

“टर्निंग. लेथवर.”

“मग आधी साबण, मग कागद.”

एस्तेरबाई साळवे यांची आणि माझी ही पहिली ओळख. यंदा बाईंना साठ वर्षे पूर्ण होत आहेत. या गौरवग्रंथात बाईंच्या शाळेतील कामाविषयी त्यांचे सहशिक्षक लिहितीलच. मी लिहिणार आहे ते देवळातल्या ग्रंथालयाच्या खोलीविषयी आणि माझ्या घरावर झालेल्या उपकाराविषयी.

ते कागद म्हणजे आमच्या मंडळीचे पहिले पाळक रेव्हरंड दाजी शिमोन यांचा पत्रव्यवहार. दाजी पाद्री चाकण-खेडच्या गावांतून पायी हिंडत आणि मुक्काम पडेल तिथून पत्रे लिहीत. आलेले प्रत्येक पत्र ते ठेवत आणि गेलेल्या प्रत्येक पत्राची स्थळप्रतही ठेवत. या पत्रांची पेटी पुण्यात त्यांच्या नातेवाइकांकडे होती. पुरात तिचा लगदा झाला. घरचे लोक ती टाकून देणार, एवढ्यात बाई टांगा घेऊन पोहोचल्या. पुढची तीन वर्षे, सकाळची शाळा आटोपल्यावर, त्या एकेक पान पुन्हा ओलसर करून बांबूच्या कामटीने सोडवत आणि वाळवत बसत. या कामाचे त्यांना कुणी काही देत नव्हते.

त्यांचा एक नियम होता. कुणालाही एकच पत्र वाचायला मिळत नसे. त्याच्या मागचे आणि पुढचे पत्र वाचावेच लागे. एकदा पुण्याहून मोटारीने आलेले एक गृहस्थ म्हणाले, “मला एवढ्या चार ओळीच उतरवून हव्या आहेत.” बाईंनी त्यांच्यापुढे तीन पत्रे ठेवली आणि चहाही ठेवला. गृहस्थ घड्याळ बघत वाचू लागले आणि दिवेलागणीपर्यंत उठले नाहीत.

पत्रे बहुतेक मोडीत. मी खेड्यातल्या शाळेत सातवी झालेला माणूस. मोडी मला कुठून येणार? बाईंनी ती मला दर शनिवारी शिकवली. माझी अक्षरे पाहून म्हणायच्या, “हे अक्षर आहे की लेथवरची चुरी?” पण शिकवणे सोडले नाही. काही वर्षांनी पत्रांची यादी करण्याचे काम त्यांनी माझ्याकडे दिले.

त्या यादीतच मला माझे आजोबा सापडले.

दाजी पाद्रींनी आमच्या गावच्या, म्हणजे कुरुळीच्या, प्रचारकाला लिहिलेले पत्र होते. माझ्या आजोबांचे नाव घालून लिहिले होते की, हा मनुष्य यात्रेत देवीपुढे हलगी वाजवून मूर्तिपूजेकडे परत गेला आहे, त्यास प्रभुभोजनाला बसू देऊ नये. आजोबा मरेपर्यंत दाराबाहेर उभे राहून उपासना ऐकत, हे मला ठाऊक होते. वडील आयुष्यभर शेवटच्या बाकावर का बसतात, हेही ठाऊक होते. आजोबांना बाहेर का ठेवले, ते कारण मात्र घरात कुणी उच्चारत नसे. आता निवडक पत्रे छापायचे ठरले होते आणि ते कारण मंडळीतल्या घराघरांत जाणार होते.

मी ते पत्र डब्याच्या पिशवीत घालून घरी नेले. हे लिहिताना आजही लाज वाटते.

पुढच्या शनिवारी गठ्ठा उघडला, तर त्या पत्राच्या जागी बाईंच्या अक्षरातली चिठ्ठी होती: ‘पत्र वाचण्यासाठी नेले आहे.’ बाई पलीकडे पुस्तके पुशीत होत्या. त्यांनी मान वर केली नाही. मी पिशवीतून पत्र काढून टेबलावर ठेवले आणि म्हणालो, “बाई, एवढे एक छापू नका. कुठेतरी आत ठेवून द्या.”

बाईंनी पत्र पुन्हा नीट वाचले. म्हणाल्या, “आपले चुकले असले, तर माणूस आधी असलेच कागद फाडतो. दाजी पाद्रींनी फाडले नाही. मी कसे लपवू?” मग विचारले, “वडील आहेत ना? त्यांना काय आठवते?”

रविवारी दुपारी बाई दोन एसट्या बदलून कुरुळीला आल्या. वडिलांनी आधी तोंड फिरवले. बाई ओट्यावर बसून राहिल्या. आईने भाकरी वाढली, ती खाल्ली. शेवटी वडीलच बोलले.

“लिवा, बाई. माज्या बानं हलगी वाजीवली, व्हय. पर द्येवीसाटी न्हाई. थोरला भाऊ तापानं आडवा पडला व्हता. त्यो किरिस्ताव न्हवता. त्या साली वाजवायची पाळी त्येची. पाळी चुकली आस्ती तर गावानं त्येच्या पोरान्ला बलुतं दिलं नसतं. म्हून बा हुबा ऱ्हायला.”

“मग हे पाद्रींना सांगितले नाही?”

“इच्यारलं कुनी?”

बाईंनी तेही लिहिले आणि सगळे वाचून दाखवले. वडील ऐकून म्हणाले, “आन वाजीवली लई झ्याक, त्ये बी घाला!” बाईंनी हसत ते घातले आणि खाली वडिलांचा अंगठा घेतला.

तो कागद बाईंनी दाजी पाद्रींच्या पत्राला लागून गठ्ठ्यात ठेवला. पंचमंडळातले एक वडीलधारे रागावले, “सत्तर वर्षांपूर्वीच्या कागदांत कालचा कागद कशाला?” बाई म्हणाल्या, “सत्तर वर्षे उशीर झाला, म्हणूनच.” पुस्तकात दोन्ही समोरासमोरच्या पानांवर छापले गेले.

वडील त्यानंतरही शेवटच्याच बाकावर बसत. पण उपासना सुटली की दारात उभे राहून येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगत, “बाईंकडं माज्या बाचा कागूद हाय. वाचून या.” दोन वर्षांनी ते गेले. शेवटच्या आजारात मी त्यांना विचारले, काही मनात राहिले आहे का? म्हणाले, “न्हाई. बाईंनी इच्यारलं.”

ग्रंथालयाच्या खोलीत मंडळीच्या जुन्या कागदांची अजून एक पेटी न उघडलेली आहे. तिच्यात कुणाकुणाची नावे असतील, कुणाचे काय लिहून ठेवलेले असेल, ठाऊक नाही. ज्यांना अजून कुणी विचारलेले नाही, त्यांच्या ओट्यांपर्यंत चालत जाण्याइतके बळ देवाने बाईंच्या पायांत ठेवावे, डोळ्यांना उजेड द्यावा आणि त्यांना भरपूर, निरोगी वर्षे द्यावीत, अशी माझी रोजची प्रार्थना आहे.