मुठीएवढी पिशवी

आमची लाल कंधारी गाय व्याली, पण तिची वार दुसऱ्या दिवशीही पडली नाही. लोंबणाऱ्या वारेला सासूबाईंनी जुनी चप्पल बांधली. ओझ्यानं ती खाली येते, असं त्या लहानपणापासून बघत आल्या होत्या. बोरीच्या आमच्या शेतावर आलेल्या जनावरांच्या डॉक्टरीणबाईंनी आधी ती चप्पल सोडली. ओढून काढलं तर गर्भाची पिशवी आतून फाटते, म्हणाल्या. बाहेर लोंबणारा तुकडा तेवढा कापला, इंजेक्शनं दिली. पुढचे आठ-दहा दिवस गाईखाली घाण वास येत होता. त्या दोनदा येऊन औषध देऊन गेल्या. हळूहळू वास गेला, गाय वैरण खाऊ लागली.

दीड महिन्यानं त्या पिशवी तपासायला आल्या. खांद्यापर्यंतचा हातमोजा घालून, शेणाच्या वाटेनं हात आत सारून, डोळे मिटून उभ्या राहिल्या. आतड्याच्या पडद्याआडून पिशवी हाताला कळते, असं सांगत होत्या. मला राहवेना. मलाही बघायचंय, म्हणाले.

त्या हसल्या नाहीत. "नखं काढून या. आणि बांगड्या उतरवा."

मी सासूबाईंकडे पाहिलं. हिरव्या बांगड्या भरल्या हातातून काढणं त्यांना चालणार नाही, हे मला ठाऊक होतं. त्यांनी साबण आणला, माझा हात मांडीवर घेतला आणि एकेक बांगडी न फोडता स्वतः उतरवली.

"घाल हात," सासूबाई म्हणाल्या. "काय लागतंय ते मला सांग."

आत भट्टीसारखी ऊब होती. आतडं मनगट आवळत होतं. डॉक्टरीणबाईंनी सांगितलं तसा हात खाली दाबला, तर आधी कणसासारखं टणक काहीतरी लागलं. ते पिशवीचं तोंड. पुढं मेंढ्याच्या शिंगांसारखी वळलेली दोन मऊ टोकं. ती अख्खी पिशवी माझ्या मुठीत मावली. मला वाटलं, माझंच चुकतंय. पलीकडं दाव्याला वासरू उड्या मारत होतं, गुडघ्याहून उंच, आणि ते सगळंच्या सगळं इथं होतं. जखम झालेली, सडू लागलेली ती जागा कुणी न बघता आपली आपण भरत, आवळत इतकीशी झाली होती. सासूबाईंना एवढंच सांगता आलं, "लय लहान हाय."

पुढच्या आठवड्यात गाय हंबरू लागली. शेपटीखाली काचेसारखा स्वच्छ, चिकट सोट लोंबत होता; ती माजावर आली होती. डॉक्टरीणबाईंच्या सांगण्यावरून तो माज सोडला, पुढच्या माजाला भरवली.

तीन महिन्यांनी तपासणीच्या वेळी सासूबाईंनीच हातमोजा मागून घेतला. साठीच्या त्या, जन्मभर गाई व्याताना पाहिलेल्या. बराच वेळ त्या हातानं आत चाचपत राहिल्या. डोळे भरले होते.

"एका बाजूला पाण्यानं भरल्यासारखं लागायलंय," त्या हळूच म्हणाल्या.

"तेच," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "गाभण आहे."