मा-झोंडीची गुशेशे

बुधवारी दुपारी मा-झोंडी माझ्या टायरच्या दुकानात आली तेव्हा मला वाटलं, बाईचं डोकं फिरलंय. दोनच दिवसांपूर्वी तिचा मुलगा बोंगा गेला होता. मेलेल्याच्या आईनं मातीच्या दिवसापर्यंत घरातल्या गादीवर बसून राहायचं, शाल पांघरायची, येणाऱ्या-जाणाऱ्यांचं रडणं ऐकायचं. उंबऱ्याबाहेर पाऊल टाकायचं नाही. आणि ही बाई तीच शाल गुंडाळून, आमच्या काटलेहोंग वस्तीच्या भर रस्त्यानं चालत, माझ्या टायरांच्या ढिगाशी येऊन उभी!

"बाबा मावुसो, चला," ती म्हणाली. "गाडी घ्यायचीय."

"कसली गाडी?"

"बोंगाची. गुशेशे."

मी हातातला पाना खाली ठेवला.

गुशेशे म्हणजे ती जुनी चौकोनी जर्मन गाडी, सहा सिलिंडरची, सगळा जोर मागच्या चाकांवर. आमची पोरं ती कुठं जायला घेत नाहीत, मैदानात जागच्या जागी गरागरा फिरवायला घेतात. टायर जळतात, धुराचे लोट उठतात, पोरं खिडकीतून कमरेपर्यंत बाहेर लोंबकळतात आणि बघणारे वेडे होतात. जळलेल्या टायरांच्या जागी जुने टायर मीच विकतो, तेव्हा मी नाक मुरडणार नाही. आणि असा गाडी फिरवणारा मेला, की माती टाकायच्या आधी कबरीपाशी त्याची गाडी फिरवतात. नाही फिरवली, तर पोरं पुढं वर्षानुवर्षं म्हणतात, त्याला चोरासारखा पुरला.

बोंगाची मूत्रपिंडं गेली होती. आजारपणातच त्यानं गाडी बाबा शेझीला, जुन्या गाड्यांच्या दलालाला, विकली. शेवटी शेवटी आईचा हात धरून म्हणाला, "मा, माझी गाडी फिरवा. दुसऱ्या कुणाची नको. माझीच." हिनं हो म्हटलं. मरणाऱ्या लेकराला कुठली आई नाही म्हणेल?

"मा-झोंडी," मी म्हटलं, "आधी घरी जा. गादीवर बसा. बायका काय म्हणतील?"

"बायका म्हणतातच आहेत. माझी थोरली नणंद दारात आडवी झाली होती. तिला ओलांडून आले." मग म्हणाली, "मला गाडीतलं काही कळत नाही. शेझी मला फसवेल. तुम्ही असलात तर निदान कळेल तरी किती फसवलं."

ही मा-झोंडी अशीच. शाळेच्या फाटकाशी पत्र्याच्या टपरीत ती माग्विन्या तळायची. तिच्या हातच्या त्या कणकेच्या फुगीर गोळ्यांवर अर्ध्या वस्तीची लेकरं वाढली. आणि तिच्या तोंडावरही. उधार मागितलं की म्हणायची, "तुझ्या बापानं मागचे खाल्ले ते आधी ओकायला सांग!" नवरा कधीच निघून गेला होता. एकटा बोंगा. लहानपणी तो तारेची गाडी करून त्या टपरीभोवती फिरवायचा आणि तोंडानं इंजिनाचा असा काही आवाज काढायचा, की गिऱ्हाईक काय मागतंय तेच हिला ऐकू यायचं नाही. "बोंगा, इंजिन बंद कर, नाहीतर जेवण बंद!" हे तिचं ओरडणं मी माझ्या दुकानात बसून हजारदा ऐकलंय.

शेझीच्या आवारात गाडी उभी होती. लाल रंग टपावर पार उडालेला. मी मीटर बघितला आणि कपाळाला हात लावला.

"शेझी, ही चंद्रावर जाऊन परत निघाली होती काय रे?"

"जुनी गाडी आहे, बाबा. चालली म्हणूनच एवढे किलोमीटर झाले ना? उभी असती तर झाले असते का?" शेझीकडे उत्तर नेहमी तयार असतं.

त्यानं चावी फिरवली. इंजिन सुरू झालं, धुराचा एक लोट निघाला आणि मग तो आवाज आला. टक, टक, टक. आत कोंडलेलं कुणी दार ठोठावत असावं तसा. शेझी एकदम खोकायला लागला. त्याच्या खोकल्यानं काही तो आवाज झाकला नाही.

मी मा-झोंडीला बाजूला घेतलं. "ऐकलंत? आतला दांडा सैल झालाय. ही गाडी मेल्यात जमा आहे. जोरात दाबली की दांडा इंजिन फोडून बाहेर येईल."

"किती वेळ चालेल?"

"हळूहळू नेली तर घरापर्यंत येईल."

"आणि कबरीपाशी? किती फेऱ्या मारील?"

मी खरं तेच सांगितलं. "नशीब असलं तर दोन."

"दोन पुरेत," ती म्हणाली. असं म्हणाली, की जणू मी तिला दोन वर्षं दिली.

पैसे तिच्याकडं नव्हतेच. होतं नव्हतं ते दवाखान्यानं खाल्लं होतं. शेझीच्या बायकोचा मात्र शाळेच्या फाटकाजवळच्या त्या जागेवर कधीपासून डोळा होता. मा-झोंडीनं टपरी दिली. शेगडी, कढई, झारा आणि ती फाटकाजवळची जागा, सगळं. मला राग अनावर झाला. "खुळ्या बाई, शनिवारनंतर खाल काय? तो तर गेला. तुमचं पोट आहे ना अजून?"

"माझं पोट गेलं मातीत," ती म्हणाली. "तुम्ही गाडी चालवा, बाबा. उगाच बोलू नका."

शेझीनं मान खाली घालून चावी दिली. त्यालाही लाज होती, एवढं म्हणतो. घेताना मात्र ती आड आली नाही.

मी गाडी चालण्याच्या वेगानं घरी आणली. ती शेजारी बसली होती, दोन्ही हात समोरच्या फळीवर दाबून, जसं तापलेल्या लेकराचं कपाळ धरावं. दारात उभी केली आणि मी काबेलोला बोलावलं. काबेलो म्हणजे बोंगाचा जोडीदार, दोघं मिळून मैदान गाजवायचे. त्याला मी दम दिला. "इंजिनाला कुणी हात लावायचा नाही. शनिवारी दोन फेऱ्या, बस. त्याआधी कुणी पाय ठेवला तर तंगडी तोडीन."

"कळलं, मालुमे," तो म्हणाला. वस्तीतली पोरं मला मालुमे, म्हणजे मामाच म्हणतात. डोळे रडून सुजले होते पोराचे.

शुक्रवारी दुपारी शवपेटी घरी आली. सगळी पोरं जमली होती, दहा-बारा गाड्या रस्त्यावर उभ्या होत्या. मयताची गाडी वळणावर दिसली तशा त्या सगळ्या एकदम गरजायला लागल्या. आमच्याकडं गाडी फिरवणारा कुणी मेला, की तो असाच घरी येतो. पत्रे थरथरले, कुत्री पळाली, धुरानं रस्ता भरला. पेटी फाटकातून आत आली. आणि बोंगाची स्वतःची गाडी तेवढी गप्प उभी.

मा-झोंडी गादीवरून उठून दारात आली होती. तिनं पेटीकडं बघितलं, मग गाडीकडं. तिचा चेहरा बघून मला कळलं आणि मी धावलो, पण गर्दीत अडकलो.

"काबेलो," ती ओरडली, "त्याला वाटेल आपली गाडी आलीच नाही! दे आवाज!"

"मा, मालुमे म्हणाले..."

"एकदाच दे रे! एकदाच!"

आईपुढं माझं काय चालणार? काबेलोनं पाय दाबला. आणि खरं सांगतो, तो आवाज उठला तेव्हा माझ्याही अंगावर काटा आला. बाकीच्या सगळ्या गाड्या त्यापुढं खोकल्यासारख्या वाटल्या. पोरं नाचायला लागली. मा-झोंडी गेल्या कित्येक महिन्यांत पहिल्यांदा हसली, दोन्ही हात वर करून. मग फाडकन आवाज झाला, बॉनेटखालून तेल सांडलं आणि सगळं थांबलं.

काबेलो स्टिअरिंगवर डोकं टेकून बसला. मा-झोंडी वाकून जमिनीवरच्या तेलाकडं बघत राहिली, मग माझ्याकडं वळली. "नीट होईल?"

"नाही."

"उद्यापर्यंत?"

"कधीच नाही, मा-झोंडी."

ती तिथंच मातीत बसली. तेल शालीला लागलं, तरी उठेना. "मीच मारली," एवढंच म्हणत राहिली. बायकांनी उचलून तिला गादीवर नेलं. दुसरं इंजिन मिळतं का म्हणून मी आणि काबेलोनं वस्ती पालथी घातली. एवढ्या घाईत कोण देणार? काहींनी आपापल्या गाड्या पुढं केल्या, मनापासून केल्या. मा-झोंडीनं सगळ्यांना एकच उत्तर दिलं. "त्यानं दुसऱ्या कुणाची नको म्हटलं होतं."

शनिवारी गाडी दोरीनं बांधून एका टॅक्सीमागं कब्रस्तानात ओढत नेली. भजन झालं, प्रार्थना झाली. पाद्री फावडेवाल्यांकडं बघायला लागला. पोरं माना खाली घालून उभी होती. तेवढ्यात मा-झोंडी पुढं झाली, गाडीचं दार उघडलं आणि स्टिअरिंगवर जाऊन बसली. जन्मात तिनं गाडी चालवली नव्हती.

"बाबा मावुसो, कुठं धरू?"

मी तिचे हात धरून स्टिअरिंग पूर्ण वळवून दिलं. "असंच धरा. सोडू नका." मग मी मागं गेलो आणि डिकीला खांदा लावला. काबेलो आला. मग सगळीच आली.

गाडी हलली. कबरीपाशी, लाल मातीत, हळूहळू गोल फिरायला लागली. नुसता चाकांखालच्या खड्यांचा आवाज आणि आमचे श्वास. ती शांतता मला सोसवेना. वाटलं, हे न करणंच बरं होतं, यापेक्षा चोरासारखा पुरलेला बरा.

आणि मग गाडीतून आवाज आला. मा-झोंडी तोंडानं इंजिन वाजवत होती. आधी खालच्या पट्टीत, मग चढत, वळणावर घसा ताणून, थुंकी उडवत. अगदी तस्साच, तारेच्या गाडीमागं पळणाऱ्या त्या पोराचा. इतकी वर्षं ज्याच्यावर ओरडत होती, तो आवाज तिला पाठ होता.

कुणी हसलं नाही. दुसऱ्या फेरीला तिचा आवाज फाटला, तरी तिनं स्टिअरिंग सोडलं नाही. दोन फेऱ्या झाल्या आणि आम्ही धापा टाकत थांबलो. फावडेवाले माती टाकायला लागले. गाडी उभी होती आणि आतला आवाज चालूच होता. इंजिन बंद कर म्हणायची आमच्यापैकी कुणाची छाती झाली नाही.