तिसऱ्या दालनातली अनोळखी स्त्री

पुण्यातल्या एका कलासंग्रहालयात चित्रांखालच्या पाट्या लिहायला लागले, तेव्हा मी चोवीस वर्षांची होते आणि मला सगळं कळत होतं. त्यानंतर तेवढं कधीच कळलं नाही.

तिसऱ्या दालनात एका बाईचं तैलचित्र होतं. हिरवं लुगडं, हनुवटीवर गोंदण, ओठ किंचित उघडे. बोलता बोलता कुणी गप्प केल्यासारखे. बाई कोण, ते कुठल्याच नोंदीत नव्हतं.

अविधवा नवमीला, म्हणजे सवाष्ण गेलेल्या बायकांच्या श्राद्धाच्या दिवशी, धायरीची एक म्हातारी आली आणि तिनं चित्रापुढे पुरणपोळीचा डबा उघडला. मी धावलेच.

"अहो, मुंग्या होतील इथे!"

"माझी आई हाय ती. घरात तिचा फोटू न्हाई, मग पान कुठं ठिवू?" तिनं आईचं नाव सांगितलं. "तेवढं खाली लिवा, बाई."

"काही कागद आहे? पुरावा?"

"माझं त्वांड बघा की."

तोंड तेच होतं, गोंदणासकट. मी मात्र नियम ऐकवले, डबा बंद करायला लावला आणि त्याच दुपारी झोकात पाटी लिहिली : 'अनोळखी स्त्री'. वर चहा प्यायले, शाबासकी म्हणून.

म्हातारी पुन्हा आली नाही. चित्रातली मात्र येते. दर नवमीला पुरण शिजायला लागलं की माझ्या पाठीशी कुणीतरी उभं राहतं, बोलायच्या बेतात. मी वळत नाही, पाठमोरीच पुटपुटते.

सून विचारते, "आई, कुणाशी बोलताय?"

"तुझ्याशी नाही, एवढं नक्की."

यंदा शेवटी संग्रहालयात गेले. पाटी तीच, अक्षर माझंच. तिथल्या तरुण अधिकारी मुलीला सगळं सांगितलं. ही आता नियम काढणार, म्हणून भांडायच्या तयारीनंच गेले होते. तर तिनं खुर्ची दिली, कोरा कागद दिला.

"आजी, तुम्ही लिहून द्या. तोच पुरावा धरू. पाटी बदलून टाकते."

मी लिहीत गेले. हिरवं लुगडं, डब्याचं वाकडं झाकण, म्हातारीचा आवाज, सगळं हजर.

"आणि नाव?"

पेन थांबलं. ती नाव सांगत होती तेव्हा मी फरशीवर मुंग्या शोधत होते.

शेवटी लिहिलं, 'हिला मुलगी होती. तिनं नाव सांगितलं होतं. मी लिहून घेतलं नाही.' खाली सही केली.

"मग पाटीवर काय घालू, आजी?"

"हेच."