दुसरं गिऱ्हाईक

औरंगपुऱ्यापासून शहागंजापर्यंत कुठल्याही दुकानाचं शटर सकाळी वर गेलं आणि समोर माझे घरमालक उभे नाहीत, असं निदान माझ्या पाहण्यात कधी झालं नाही. कन्नडकडच्या आमच्या गावाहून मी शिकायला आलो तेव्हा त्यांच्या गच्चीवरच्या खोलीत राहिलो. आमच्या घरात माझ्याआधी कुणी कॉलेजची पायरी चढलं नव्हतं, त्यामुळे शहरात कसं राहायचं, कुठं काय मिळतं, हे सांगणारं कुणी नव्हतं. ते काम घरमालकांनी, म्हणजे काकांनी, आपण होऊन अंगावर घेतलं, तेही चालता चालता, कारण काकांना बसणं जमतच नसे. चहा ते उभ्यानं घेत, पेपर येरझाऱ्या घालत वाचत आणि तोंडात घास असतानाच पायानं चपला चाचपू लागत. "ताट तरी पुरं करा की," काकू म्हणत. "रुपया निघाला असंल बाजारात," असं म्हणत काका जिना उतरलेलेही असत.

रुपयाही आपल्यासारखाच पायाला भिंगरी लावून जन्मलेला आहे, अशी त्यांची खात्री होती. "आपण किराणावाल्याला दिला, त्यानं शिंप्याला दिला, शिंप्यानं पोरीच्या शिकवणीला दिला, शिकवणीवाल्या बाईनं आपल्याच गल्लीत भाजी घेतली. समदे जेवले का नाय? आन् तोच मॉलात दिला तर संध्याकाळच्या गाडीत बसून गाव सोडतो. परत तोंड दाखवत नाय." म्हणून साबण एका दुकानातून, तर साबणाची डबी दुसऱ्यातून. खुलताबादच्या उरुसाला गेले तरी तिथल्या चार टपऱ्यांवर चार वस्तू घेऊन येत. घरात कुलपं इतकी साठली होती की दारं कमी पडत. एकदा काकूंनी मिक्सरचं भांडं मोबाइलवरून मागवलं. पार्सल आलं तेव्हा आत साप असावा तसे काका त्या खोक्याभोवती फिरत राहिले. "ह्यातला एक पैसा तरी गुलमंडीच्या बाजारात येणार हाय का?" काकू शांतपणे म्हणाल्या, "नाय येणार. माझे गुडघे बी गुलमंडीत जाणार नाय. तुम्ही आणलेल्या भांड्याला झाकण बसत नव्हतं, ह्याला बसतं." काका त्या दिवशी जरा लवकरच बाहेर पडले.

पण त्यांचा खरा जीव बोहनीत. दिवसाची पहिली विक्री चांगल्या माणसाच्या हातून झाली की दुकान दिवसभर चालतं, असं आमच्याकडे मानतात, आणि तो चांगला माणूस आपणच आहोत याबद्दल काकांना शंका नव्हती. शहागंजातल्या एका गल्लीत बटणं, लेस, साडीचे फॉल विकणारे एक चाचा होते. कधीकाळी लग्नसराईत त्यांच्या पायरीवर उभं राहायला जागा मिळत नसे. आता लोक तयार कपडे घेतात, तेही घरबसल्या. चाचा दुपारपर्यंत गादीवर एकटेच बसलेले असत. पुण्यातला मुलगा दुकान विकून या म्हणून मागे लागला होता. "चाचा गेला तर त्या दुकानात कुण्या कंपनीची पाटी लागंल," काका म्हणत, आणि रोज सकाळी जाऊन बटणं घेत. घासाघीसही करत. भाव न करता घेणं म्हणजे दुकानदाराला भीक घालणं, असं त्यांचं ठाम मत होतं.

एका सकाळी मी सोबत असताना चाचांनी बटणांची पुडी बांधली आणि ती हातातच धरून ठेवली. "भाईसाब, बुरा नक्को मानो. कल से बोहनी को नक्को आओ."

"का? हात वाईट हाय माझा?"

"हात अच्छा है, भाव खराब है. पैले गिराक को ना नै बोलते हम. तुम जो बोले उसमें देना पड़ता. कब से घाटे में देरा मैं तुमको."

काका गोरेमोरे झाले. "मग इतके दिवस बोलला का नाय?"

"दिल से आते तुम. कैसा बोलूँ?"

जे दुकान वाचवायला काका धावत होते, तेच दुकान ते रोज थोडं थोडं बुडवत होते. त्या दिवशी ते घरी येऊन चक्क खुर्चीत बसले, तेव्हा काकूंनी त्यांच्या कपाळाला हात लावून पाहिला. दुसऱ्या दिवसापासून त्यांनी नवा बेत आखला. समोरच्या चहाच्या टपरीवर उभं राहायचं, दुसऱ्या कुणीतरी बोहनी करेपर्यंत थांबायचं आणि मग दुसरं गिऱ्हाईक होऊन, भाव न करता घ्यायचं. मतावर पाणी सोडणं त्यांना एक वेळ जमलं, थांबणं जमेना. ते टपरीभोवती घिरट्या घालत, गल्लीच्या तोंडापर्यंत जाऊन कोण येतंय ते पाहून येत, आणि प्रत्येक फेरीला एक चहा घेत. चाचांचं दुकान होतं तिथंच राहिलं, टपरीवाल्यानं मात्र नवं बाकडं घेतलं. त्यावर काका बसले नाहीत ते नाहीतच.

पुढे मला जालन्यात नोकरी लागली. ते सांगायला पेढे घेऊन खाली गेलो तर काकू म्हणाल्या, "असतील तिथंच. चाचाचं पोरगं येणार हाय आज, न्यायला." टपरीपाशी काका उभे होते. ऊन डोक्यावर आलं होतं, समोर चाचा गादीवर बसले होते, पायरी रिकामी होती. दोघं एकमेकांकडे बघत आणि लगेच नजर वळवत. मी म्हणालो, "काका, मी करतो बोहनी." त्यांनी माझं मनगट धरलं. "तू नको. तू माझ्यासाठी जाशील. त्याचं पोरगं येण्याआधी एक तरी खरं गिऱ्हाईक येऊ दे. चाचाला बघू दे."

तेवढ्यात स्कूटीवरून एक मुलगी थांबली. हातातल्या पिशवीत साडी होती. "काका, फॉल कुठं मिळंल?"

जन्मभर बाजारावर बोलत आलेल्या काकांनी नुसतं बोट दाखवलं. ती पायरी चढली. चाचांनी साडीचा पदर हातात घेतला, उजेडात धरला आणि मागच्या फळीवरून रंगामागून रंग काढू लागले.

"चला, आता तुमचा नंबर," मी म्हणालो.

काका बराच वेळ तिकडे बघत राहिले. "नको," ते म्हणाले. "आज मला काय लागत नाय." आणि आम्ही घराकडे निघालो. माझ्या पावलाला पाऊल लावून, इतके सावकाश चालताना मी त्यांना त्याआधी कधी पाहिलं नव्हतं.