ओव्हिलाकाकांची उडी

मार्सेलने नव्या सायकलचा भोंगा गंमत म्हणून वाजवला आणि पुढे चालणारे ओव्हिलाकाका टुणकन उडी मारून थेट तळ्याकाठच्या चिखलात गेले.

"गाढवा, भोंगा आहे की इंजिन?" चिखलातून आवाज आला.

या वाटेवर रेल्वे होती तेव्हा काका आणि त्यांचा धाकटा भाऊ एक्तोर या स्प्रूसच्या जंगलातून रोज पायी हिंडत रुळांचे बोल्ट आवळायचे. मागे आवाज झाला की आधी उडी, मग बघणं, ही रूळवाल्यांची शिस्त. रविवारी गाडी नसायची. तरी एका रविवारी लाकडाची जादा मालगाडी आली. काकांनी उडी मारून हाक दिली, एक्तोर बोल्टवर वाकलेलाच राहिला.

पुढे रूळ उपटले, खडी अंथरली, हौशी लोक पाठीवर पिशव्या लावून तळ्याकाठानं चालू लागले. काका मात्र अजून रुळांखालचे स्लीपर मोजल्यासारखी आखूड पावलं टाकत रोज एक्तोरच्या वळणापर्यंत जाऊन येतात.

मार्सेलने त्यांना बाहेर ओढलं, त्यांच्या बुटांतलं पाणी ओतलं.

"चुकलं काका. पण उडी कशाला मारायची? आता इथं कुठली गाडी येणार?"

"एक्तोरपण हेच म्हणाला होता."