राहीबाईंचा शब्द

टेमघरच्या आमच्या अंगणवाडीत मी मदतनीस आहे. सोनल माझं नाव. आधीच सांगते, राहीबाईंचं कौतुक करायला मी काही पहिल्यापासून तयार नव्हते. उलट सात वर्षं मनातल्या मनात त्यांच्यावर चिडतच आले. चार वर्षांच्या पोराला कडेवर घ्यायचं तर ही बाई आधी विचारणार, "उचलू का रं?" त्याने मान हलवली तरच उचलणार. खिचडी सांडली तर पोराच्याच हातात फडकं देणार आणि स्वतः शेजारी बसून पुसू लागणार. कुणावर चुकून आवाज चढला तर दुसऱ्या मिनिटाला त्याची माफी मागणार. माफी! ज्याला अजून स्वतःचं नाक पुसता येत नाही त्याची! मला वाटायचं, हिने पोरांना नुसतं डोक्यावर बसवून ठेवलंय.

राहीबाई मूळच्या खाडीकाठच्या गावच्या, भातशेती करणाऱ्या घरातल्या. दहावीला दोनदा नापास होऊन तिसऱ्यांदा सुटल्या आणि सव्वीस वर्षं अंगणवाडीच्या ह्याच भाड्याच्या खोलीत सेविका म्हणून राहिल्या. रजिस्टर कायम मागे पडलेलं, त्यावरून पर्यवेक्षिका मॅडमची बोलणी कायम खायची. शेजारच्या यंत्रमाग कारखान्यात दिवसभर लूमची खडखड असते. तरी राहीबाई सहसा ओरडून बोलत नाहीत. त्या हळू बोलतात आणि पोरं ऐकायला जवळ सरकतात. शब्द द्यायला मात्र भारी कंजूष. "उद्या चिक्की आणते हां," असं मी दहादा म्हणायचे आणि विसरायचे. त्या वर्षातून एकदा म्हणायच्या, पण अंगात ताप असला तरी चिक्की घेऊन यायच्या.

पोरं कपडे ओले करतात, त्यात नवल नाही. राहीबाईंनी त्याची एक रीत घालून दिली होती. कोपऱ्यात पडदा, पडद्यामागे खुंटीला कोरड्या चड्ड्यांची पिशवी. ज्याचं ओलं झालं त्याने आपणहून मागे जायचं, बदलून यायचं. कुणी बघायचं नाही, कुणी विचारायचं नाही, आणि मोठ्यांनी तर अजिबातच नाही.

मार्चातल्या एका दिवशी राहीबाई मीटिंगला गेल्या होत्या. खोलीत मी एकटी, बावीस पोरं, गॅसवर खिचडी. तेवढ्यात पाच वर्षांच्या रियाने नव्या कोऱ्या सतरंजीवर ओलं केलं. ती बिचारी उठून पडद्याकडे निघालीच होती. पण माझं डोकं फिरलं.

"एवढी घोडी झाली तरी हेच!" मी सगळ्यांसमोर ओरडले. "थांब, येऊ दे तुझ्या बापाला. सांगतेच त्याला."

पोरं हसली. मी फडकं आणायला मोरीत गेले, पुसून काढलं, मान वर केली तर रिया नाही. दाराची कडी मीच काढलेली आणि घालायची विसरलेली. दाराबाहेर गल्ली, आणि गल्लीच्या तोंडाशी टेम्पोंचा रस्ता.

राहीबाई परत आल्या तेव्हा दारात माणसं गोळा झाली होती. रियाचा बाप रवींद्र गोदामातली ड्युटी टाकून धावत आला होता. आजी जाईबाई छाती बडवत होती. राहीबाईंनी मला विचारलं, "काय झालं?"

"काय माहीत," मी म्हणाले, "एकदम पळाली."

त्यांनी सतरंजीवरच्या ओल्या डागाकडे पाहिलं, मग माझ्याकडे. खरं सांगायची माझी हिंमत झाली नाही.

गटार बघून झालं, पाण्याच्या टाक्या बघून झाल्या. हाक मारावी तर लूमच्या आवाजात हाताच्या अंतरावरचं ऐकू येईना. राहीबाई सरळ कारखान्यात घुसल्या आणि मशीन सांभाळणाऱ्या मास्टरला म्हणाल्या, "बच्ची गुम हुई है, पाँच मिनट मशीन बंद करो." त्याने आधी कटकट केली, मग स्विच ओढला. एकदम सगळीकडे शांत झालं. त्या शांततेत जाईबाई ओरडली, "रिये, भायेर ये, न्हायतर तंगडंच मोडीन तुझं!" तिच्यामागे रवींद्रही तसंच काहीतरी ओरडला. दोघंही भीतीने अर्धमेली झाली होती, पण तोंडातून येत होतं ते हे.

"आक्का," राहीबाई म्हणाल्या, "असं बोलावल्यावर कोण येल?"

हाकांना काही उत्तर आलं नाही. परत आलो तर खोलीत उन्नती भिंतीला चिकटून उभी होती. रियाची जिवाभावाची मैत्रीण, तीही पाचच वर्षांची. तिचे ओठ घट्ट मिटलेले पाहून जाईबाईला संशय आला. तिने उन्नतीचे खांदे धरून गदागदा हलवलं. "बोल, कुठं हाय ती? बोल!" पोरीने डोळेही मिटून घेतले. रवींद्रने हात उगारला.

"मागं व्हा," राहीबाई म्हणाल्या. "सगळी तीन पावलं मागं."

त्या उन्नतीसमोर फरशीवर बसल्या. इथे एकेक मिनिट आमच्या जिवावर येत होतं आणि ही बाई वाट बघत होती! शेवटी उन्नतीने एक डोळा उघडला.

"तिला मारणार न्हाय ना?"

"मी न्हाय मारणार."

"बाबा?"

मी असते तर पटकन म्हणाले असते, बाबाही नाही मारणार, सांग लवकर. राहीबाई तसं म्हणाल्या नाहीत. "त्याचा शब्द मी कसा देऊ? त्यालाच इचारू," असं म्हणून त्या वळल्या. "रवींद्र, पोरीला सांग."

रवींद्रच्या कपाळाची शीर उडत होती. "बाई, ही वेळ आहे का?"

"हीच हाय."

तो गुडघ्यावर बसला. "नाही मारणार," तो म्हणाला. "उन्नती, आईशप्पथ नाही मारणार तिला."

"आणि का पळाली ते कुणी इचारणार न्हाय?" हे म्हणताना उन्नतीने माझ्याकडे पाहिलं.

"मी इचारणार न्हाय आणि कुणाला इचारू देणार न्हाय," राहीबाई म्हणाल्या. "माझा शब्द."

तेव्हा ती बोलली. "चिंधीच्या गाडीत लपली. पोत्यांच्या मधी."

कारखान्यातल्या सुताच्या चिंध्यांची पोती भरून एक टेम्पो मागच्या बाजूला उभा असतो. आम्ही धावत गेलो तर जागा रिकामी. मास्टर म्हणाला, "वो तो निकल गया, आधा घंटा हुआ." वर ताडपत्री करकचून बांधलेली, दुपारचे साडेबारा. मास्टर ड्रायव्हरला फोन लावत राहिला, तो उचलेना. रवींद्र, राहीबाई आणि मी रिक्षात बसलो. मी का बसले, मलाच ठाऊक नाही. मला मागे राहवेना.

धामणकर नाक्याच्या ट्रॅफिकला मी आयुष्यभर शिव्या दिल्या, त्या दिवशी त्याच ट्रॅफिकने आम्हाला तारलं. टेम्पो तिथेच अडकला होता. रवींद्र धावत सुटला, टेम्पोवर चढून दोऱ्या ओढायला लागला. ड्रायव्हर खाली उतरून ओरडतोय, मागचे रिक्षावाले हॉर्न देताहेत. राहीबाईंनी ताडपत्रीला तोंड लावलं.

"रिया, मी राहीबाई. आम्ही ताडपत्री काढतोय हां. घाबरू नको."

आतून काही नाही. दोरी सुटली, पहिलं पोतं खाली आलं, दुसरं आलं, आणि पोत्यांमागून बारीक आवाज आला, "बाबा हाय?"

"हाय. मारणार न्हाय म्हणालाय."

लालबुंद, घामाने भिजलेली, केसांत सूत अडकलेली पोर बाहेर आली. रवींद्रने तिला छातीशी धरलं आणि भर नाक्यावर हमसून रडला. पाणी पाजलं, तोंड पुसलं. मग जीव भांड्यात पडल्यावर त्याचा राग परत आला. "का पळालीस गं?"

"इचारायचं न्हाय," राहीबाई म्हणाल्या. "शब्द दिलाय."

"म्हणजे तुमच्याकडून काहीतरी झालंय! लपवताय तुम्ही!" तो त्यांच्यावर तुटून पडला. "सव्वीस वर्षांची नोकरी ना? घालवतो की नाही बघा. उद्याच ऑफिसात तक्रार देतो."

राहीबाई खाली मान घालून उभ्या राहिल्या. एक शब्द बोलल्या असत्या तर सुटल्या असत्या. डाग त्यांनी पाहिला होता, त्यांना सगळं कळलं होतं. रिया बापाच्या खांद्यावरून माझ्याकडे बघत होती, मी आता काय सांगते म्हणून. तिला अजूनही त्याचीच धास्ती होती.

"त्यांची चूक नाही," मी म्हणाले. "मी तिला बोलले. सगळ्यांसमोर बोलले, आणि कडीही मीच उघडी टाकली." का बोलले ते मात्र सांगितलं नाही. ते रियाचं होतं.

रवींद्रने मला जे ऐकवलं ते मी मुकाट्याने ऐकलं. पुढे मला नोटीस आली, ती यायलाच हवी होती. राहीबाईंनाही आली.

आठ दिवसांनी रिया परत आली. मी तिच्यासमोर बसले आणि म्हणाले, "रिया, मी चुकले. मला माफ कर." ती राहीबाईंच्या मागे लपली. मला वाटलं, आता त्या म्हणतील, बोल बाळा काकूशी. त्यांनी तिला तिथेच लपू दिलं. पोरं गेल्यावर मी चिडून म्हटलं, "समजवा ना तिला जरा."

"तू माफी मागितलीस, ते तुझं काम झालं. द्यायची का न्हाय, ते तिचं हाय."

महिना उलटला. रिया माझ्याशी बोलत नव्हती, मी जवळ गेले की अंग चोरायची. ते बघून घरी गेल्यावर मला रडू यायचं. काल खिचडी वाढताना मी विचारलं, "रिया, वाढू?"

तिने माझ्याकडे सरळ पाहिलं. "न्हाय," ती म्हणाली. "तू नको. बाई वाढतील."

महिन्याभरातलं माझ्याशी बोललेलं तिचं हे पहिलं वाक्य. मला वाईट वाटलं, आणि खरं सांगते, बरंही वाटलं. त्या दिवशी माझ्या तोंडावर तिला असं 'नको' म्हणता आलं असतं, तर ती पोत्यांमध्ये जाऊन लपली नसती. "बरं," मी म्हणाले आणि पळी राहीबाईंच्या हातात दिली.